ऑफिसचा एक्स्चेंज, आपला लिनक्स: कुपवाडमधल्या चौदा मशिनांची मेलजोडणी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कॉम्प्युटर देखभाल माझ्याकडं आहे. चौदा मशिनं, चौदांवरही विंडोजऐवजी लिनक्स मिंट. बरीच वर्षं तिथला मेल एका साध्या होस्टिंगवाल्याकडं होता. थंडरबर्डात, म्हणजे मशीनवर बसणाऱ्या मेलच्या प्रोग्रामात, पत्ता आणि पासवर्ड टाकला की काम संपलं. मग पुण्याच्या एका ग्रुपनं कारखान्यात भागीदारी घेतली आणि एका सोमवारी फर्मान आलं: यापुढं सगळा पत्रव्यवहार ग्रुपच्या मेलवरून. सोबत मायक्रोसॉफ्टचं आउटलुक कसं सुरू करावं याची नऊ पानी पीडीएफ. अकाउंट्समधल्या काकूंनी तिची प्रिंट काढली आणि पान पुढ्यात ठेवून ते निळं चिन्ह अर्धा तास स्क्रीनवर शोधलं. मग मला फोन. "ओ दादा, ते निळं पाकीट आमच्याकडं उगवलंच नाही."

उगवणार नव्हतंच, आउटलुक लिनक्सवर बसत नाही. चौदा मशिनांना विंडोज आणि ऑफिसचे परवाने घ्यायचे तर मालक तयार नाहीत. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा म्हणावं तर दुपारी नेट गेलं की कालची पर्चेस ऑर्डरसुद्धा बघता येत नाही, आणि ट्रक गेटवर उभा. मेल मशीनवर उतरलेला असला तर नेट असो-नसो, कागद हातात असतो. म्हणून जोडायचं ठरवलं.

हे जमतं. पण मी उलट्या टोकानं सुरुवात केली आणि दोन दिवस घालवले. क्लायंट, म्हणजे मेलचा प्रोग्राम, बसवला, सेटिंग्ज चाळल्या, पासवर्ड सतरा वेळा मारला. पलीकडून दारच बंद होतं, इकडं मी किल्ली घासत बसलेलो. त्यामुळं इथं क्रम असा ठेवलाय: आधी सर्व्हर कुठला ते ओळखायचं, मग त्याचं कुठलं दार आपल्यासाठी उघडं आहे ते विचारायचं, आणि प्रोग्राम सगळ्यात शेवटी निवडायचा.

सर्व्हरचे पत्ते मी फोनवर सांगतो तसेच लिहिलेत. टाइप करताना ते इंग्रजीत, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायचे.

सर्व्हर ओळखा

मोठ्या कंपनीच्या मेलमागं बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर असतो. १९९६ साली तो बाजारात आला तेव्हापासून त्याची स्वतःची एक बोली आहे, मॅपी. ती आउटलुकला येते, इतरांना येत नव्हती. बाहेरच्यांनी आत शिरायला बऱ्याच खटपटी केल्या. झिमियन कंपनीनं इव्होल्युशन या लिनक्सवरच्या मेल प्रोग्रामसाठी एक कनेक्टर विकायला काढला होता, तो वेबमेलच्या वाटेनं आतलं सगळं उचलायचा. नॉव्हेलनं झिमियन विकत घेतल्यावर २००४ मध्ये तो कनेक्टर खुला केला. पुढं २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच एक्स्चेंजच्या प्रोटोकॉलांची कागदपत्रं प्रसिद्ध केली, तेव्हा कुठं अंधारातलं चाचपडणं कमी झालं.

आज एक्स्चेंजला आपल्या कामाची दारं अशी आहेत. आयमॅप हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यांना कळणारं; पण त्यातून फक्त मेल येतो. कॅलेंडर नाही, कंपनीची पत्त्यांची वही नाही. आयमॅपनं मेल येतो, जाणारा मेल एसएमटीपीनं जातो, म्हणजे ही दोन वेगळी दारं झाली आणि दोन्ही वेगवेगळी बंद असू शकतात. दुसरं दार ईडब्ल्यूएस, म्हणजे एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस, २००७ च्या एक्स्चेंजपासून. यातून मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, सुट्टीवर असल्याचा निरोप, सगळं येतं. तिसरं ॲक्टिव्हसिंक, ते मुख्यतः मोबाइलसाठी. चौथं ग्राफ, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं नवं दार.

आता तुमचा सर्व्हर कुठल्या जातीचा? ग्रुपनं वेबमेलचा जो पत्ता दिलाय तो ब्राउझरमध्ये उघडा. शेवटी मायक्रोसॉफ्टचंच लॉगिन पान आलं आणि आत गेल्यावर पत्त्याच्या पट्टीत 'आउटलुक डॉट ऑफिस डॉट कॉम' किंवा त्याच कुळातलं काही दिसलं, तर मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, म्हणजे क्लाउडवर आहे. त्याऐवजी 'मेल डॉट कंपनीचं नाव' आणि शेवटी तिरकी रेघ मारून 'ओडब्ल्यूए' असं दिसलं, तर एक्स्चेंज कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हर-खोलीत बसलाय. या दोघांची जोडणी इतकी वेगळी आहे की एकाची सेटिंग दुसऱ्याला लावली तर काहीच चालत नाही. यूट्यूबवर बघून केलेल्या निम्म्या जोडण्या इथंच फसतात.

आयटीला काय विचारायचं

हा भाग टाळून पुढं जाऊ नका. हेड ऑफिसच्या आयटीला मेल करा, फोन नको. लेखी उत्तर हाताशी असलेलं बरं. "लिनक्सवर मेल चालेल का?" असं विचारलंत तर "आम्ही फक्त आउटलुकला सपोर्ट देतो" असं उत्तर येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. प्रश्न नेमके ठेवा: आमच्या खात्यांना आयमॅप चालू आहे का? ऑथेंटिकेटेड एसएमटीपी चालू आहे का? ईडब्ल्यूएस बाहेरच्या प्रोग्रामांना खुलं आहे का? व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट, लागतं का? कंपनीनं नोंदवलेल्या मशिनांवरूनच लॉगिन व्हावं अशी अट आहे का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये 'कंडिशनल ॲक्सेस' नावाची अट लावता येते. तिच्यात नोंदलेली मशिनंच चालतील असं लिहिलेलं असलं तर तुमचं लिनक्स दारातच अडतं, आणि तिथं कुठल्याही क्लायंटची हुशारी चालत नाही.

आयटीवाल्यांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. नव्या पद्धतीच्या लॉगिनमध्ये, म्हणजे ओऑथ२ मध्ये, पासवर्ड थंडरबर्डाला कळतच नाही. लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या पानावर होतं, मोबाइलवरची दुसरी खातरजमा तिथंच होते आणि क्लायंटच्या हाती फक्त एक टोकन येतं, जे आयटी हवं तेव्हा रद्द करू शकतं. आमच्या पुण्याच्या सरांची भीती नेमकी पासवर्डाची होती; हे सांगितल्यावर ते तासाभरात तयार झाले.

आणि नाहीच म्हणाले तर? तर थांबायचं. सगळा मेल आपोआप जीमेलला वळवून तिथून वाचायचा, ही युक्ती मी दोन ठिकाणी पाहिली आहे. कोटेशन, ड्रॉइंग, पगाराचे आकडे कंपनीबाहेर जातात आणि उद्या काही झालं तर नाव तुमचं. वेबमेलवर काम भागवा, पण हे करू नका.

क्लाउडवरचा मेल थंडरबर्डात

समजा, आयमॅप आणि एसएमटीपी चालू असल्याचं उत्तर आलं. थंडरबर्ड नवा घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ साठी आयमॅपवर ओऑथ२ त्याला २०२० पासून येतं. जुन्या काळी नुसता पासवर्ड टाकून काम व्हायचं, पण क्लाउडवर ती बेसिक पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं बंद केली गेली. त्यामुळं 'ॲप पासवर्ड' काढून इथं टाका असा सल्ला कुठं वाचलात तर तो आयमॅपसाठी शिळा समजा.

नवं खातं जोडताना नाव आणि मेलचा पत्ता टाका. थंडरबर्ड आपणहून सर्व्हर शोधतो आणि बऱ्याचदा बरोबर शोधतो. नाही सापडला तर हातानं भरायची सोय घ्या आणि हे लिहा:

येणारा मेल: प्रकार आयमॅप, सर्व्हर 'आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम', पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस, ओळख ओऑथ२.
जाणारा मेल: सर्व्हर 'एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम', पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस, ओळख ओऑथ२.
यूजरनेम: दोन्हीकडं पूर्ण मेल पत्ता.

ऑफिस३६५ मधले आकडे अर्थातच इंग्रजी. ओळखीच्या यादीत ओऑथ२ दिसतच नसलं तर घाबरू नका. थंडरबर्ड सर्व्हरचं नाव ओळखतो तेव्हाच तो पर्याय दाखवतो. नावात एक अक्षर चुकलं तरी तो गायब. नाव तपासा आणि 'पुन्हा तपासा'चं बटण दाबा.

मग मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनची छोटी खिडकी उघडते. इथं तीन अडथळे येतात, तिन्ही मला आले.

पहिला, खिडकी उघडते आणि पांढरीफटक राहते, किंवा लॉगिन होऊन पुन्हा लॉगिनलाच येते. थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद असतात. आमच्या स्टोअरमधल्या पोरानं कुठंतरी वाचून त्या बंद केल्या होत्या. चालू करा, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

दुसरा, लॉगिन होतं आणि 'ॲडमिनची मंजुरी हवी' असं पान येतं. हा बिघाड नाही. कंपनीनं बाहेरच्या प्रोग्रामांना कर्मचाऱ्यांनी स्वतः परवानगी देणं बंद केलेलं असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट आयटीला पाठवा. त्यांना एन्ट्रा ॲडमिन केंद्रात 'एंटरप्राइज ॲप्लिकेशन्स'मध्ये थंडरबर्डला एकदा मंजुरी द्यावी लागते. एकदा दिली की सगळ्या खात्यांना चालते. आमच्याकडं पहिल्या मशीनला चार दिवस लागले ते यासाठीच; उरलेली तेरा एका दुपारी झाली.

तिसरा अडथळा सगळ्यात फसवा. मेल येतो, पण जात नाही. पाठवताना ५३५ किंवा ५.७.१३९ असे आकडे असलेला निरोप येतो. याचा अर्थ एसएमटीपीचं दार बंद आहे. ते संपूर्ण कंपनीसाठी बंद असू शकतं किंवा त्या एका खात्यासाठी. २०२० नंतर सुरू झालेल्या कंपन्यांना तर ते मुळातच बंद मिळतं. आयटीला सांगायचं की ॲडमिन केंद्रात त्या व्यक्तीच्या 'मेल' भागात 'ईमेल ॲप्स'ची यादी आहे, तिथं आयमॅप आणि ऑथेंटिकेटेड एसएमटीपी या दोन्ही खुणा हव्यात. कंपनीभर बंद असलेलं दार एखाद्या खात्यापुरतं उघडता येतं, हे बऱ्याच ॲडमिनांच्या लक्षात नसतं. नम्रपणे आठवण करून द्या.

पासवर्ड बदलल्यावर लॉगिन अडकून बसलं तर थंडरबर्डच्या साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत जा. तिथं 'ओऑथ'नं सुरू होणाऱ्या ओळी दिसतील; त्या पुसून थंडरबर्ड पुन्हा सुरू करा, लॉगिनची खिडकी नव्यानं येते. खातं काढून पुन्हा जोडायची गरज नसते. मी आधी तेच करायचो आणि दर वेळी सगळा मेल नव्यानं उतरत बसायचा.

कॅलेंडर हवं असेल तर इव्होल्युशन

काकूंना कॅलेंडर नको होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांना मात्र पुण्याच्या मीटिंगा दिसायला हव्यात. आयमॅपवर ते नाही. त्यांच्या मशीनवर मी इव्होल्युशन बसवलं आणि सोबत 'इव्होल्युशन-ईडब्ल्यूएस' हे वेगळं पॅकेज. हे पॅकेज विसरलात तर खात्यांच्या प्रकारांत एक्स्चेंजचं नावच दिसत नाही आणि माणूस उगाच इव्होल्युशनला शिव्या देतो.

नवं खातं काढताना प्रकार 'एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस' निवडा. यूजरनेममध्ये पूर्ण मेल पत्ता. ओळख ओऑथ२ ठेवा, त्याच्या पुढं कंसात ऑफिस३६५ लिहिलेलं असतं. होस्टच्या रकान्याशेजारी पत्ता शोधून आणायचं बटण आहे, ते दाबलं की तो स्वतः भरतो. पत्त्यांच्या वहीसाठी तसंच दुसरं बटण आहे. तेही दाबा, म्हणजे 'टू'मध्ये दोन अक्षरं टाकली की पुण्यातल्या माणसाचं नाव सुचतं. एवढं झालं की मेल, कॅलेंडर, कामांची यादी सगळं एका झटक्यात उतरतं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'आउट ऑफ ऑफिस'सुद्धा आहे. दुसऱ्याचं कॅलेंडर किंवा फोल्डर तुम्हाला दिलेलं असलं तर तेही जोडता येतं. दिसायला इव्होल्युशन जरा जुन्या वळणाचं आहे, पण एक्स्चेंजशी त्याच्याइतका संसार दुसऱ्या कुणी केलेला नाही.

थंडरबर्डनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये आवृत्ती १४५ पासून एक्स्चेंजशी थेट बोलायला सुरुवात केली. खातं जोडताना आयमॅपऐवजी 'एक्स्चेंज' असा पर्याय मिळतो, वेगळी एक्स्टेन्शन लागत नाही. सुरुवात फक्त मेलपासून झाली, कॅलेंडर आणि पत्त्यांची वही मागाहून. आयटीनं आयमॅप बंद ठेवून ईडब्ल्यूएस उघडं ठेवलं असेल, तर हा रस्ता आधी बघा.

मात्र क्लाउडवरच्या ईडब्ल्यूएसचे दिवस भरत आलेत. ऑक्टोबर २०२६ पासून ते बंद करायला सुरुवात करणार, असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. त्यांच्या मते पुढचा रस्ता ग्राफचा. थंडरबर्डवाले ग्राफच्या कामाला लागलेत. इव्होल्युशनच्या नव्या आवृत्त्यांत 'मायक्रोसॉफ्ट ३६५' असा वेगळा प्रकार दिसतो, तो ग्राफवरच चालतो. त्यामुळं क्लाउडवाल्यांनी नुसत्या मेलसाठी आज नवी जोडणी करताना मी तरी आयमॅपच धरायला सांगेन. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या ईडब्ल्यूएसला हा नियम लागू नाही.

सर्व्हर कंपनीच्याच खोलीत असेल तर

दुसरी जोडणी मी मार्केट यार्डातल्या एका हळद निर्यातदाराकडं केली. त्यांच्या भागीदार कंपनीचा एक्स्चेंज २०१६ चा, त्यांच्याच इमारतीत. (२०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे त्यांना सांगायचं काम माझं नव्हतं, तरी सांगितलं.)

अशा सर्व्हरवर आयमॅप मुळात बंदच असतं. ॲडमिनला दोन सेवा सुरू कराव्या लागतात: एक आयमॅप४ ची, दुसरी तिची बॅकएंड. एकच सुरू केली तर पोर्ट उघडतं, लॉगिन होत नाही, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या पासवर्डावर संशय घेत बसतात. दोन्ही सुरू झाल्या की येणारा मेल ९९३ वर, जाणारा ५८७ वर, सर्व्हरचं नाव कंपनीचं स्वतःचं. ओळख 'नॉर्मल पासवर्ड'. यूजरनेम कधी पूर्ण मेल पत्ता असतो, तर कधी कंपनीच्या डोमेनचं छोटं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग लॉगिननाव. वेबमेलमध्ये जे चालतं तेच इथं टाका.

सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा आला तर डोळे झाकून 'मान्य' करू नका. कंपनीनं स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर ॲडमिनकडून त्याचा फिंगरप्रिंट मागवा, जुळवा, मगच अपवाद जोडा. इशाराही नाही, कारणही नाही, नुसतीच जोडणी तुटते, असं असेल तर सर्व्हर फार जुना असू शकतो. जोडणी कुलूपबंद करणाऱ्या टीएलएसची १.२ च्या खालची आवृत्ती थंडरबर्ड ७८ पासून मान्य करत नाही. ते सर्व्हरकडूनच दुरुस्त व्हायला हवं.

आयमॅप सुरू करायलाच तयार नसतील तर डेव्हमेल. हा जावात लिहिलेला एक मुक्त दुभाष्या आहे. तो तुमच्या मशीनवर बसतो, एक्स्चेंजशी ईडब्ल्यूएसमध्ये बोलतो आणि थंडरबर्डाशी आयमॅपमध्ये. थंडरबर्डाला पलीकडं एक्स्चेंज आहे याचा पत्ताच नसतो. मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारात डेव्हमेल मिळतो. सुरू केला की सेटिंगची खिडकी येते.

प्रोटोकॉल ईडब्ल्यूएस निवडा. पत्त्यात 'एचटीटीपीएस', मग कंपनीच्या मेल सर्व्हरचं नाव, तिरकी रेघ, 'ईडब्ल्यूएस', तिरकी रेघ, 'एक्स्चेंज डॉट एएसएमएक्स'. हा पत्ता आधी ब्राउझरमध्ये टाकून बघा. यूजरनेम-पासवर्ड विचारला तर दार तिथं आहे. खालचे पोर्ट त्यानं स्वतःच भरलेले असतात: आयमॅप ११४३, एसएमटीपी १०२५, कॅलेंडर १०८०, पत्त्यांची वही १३८९. ते तसेच ठेवा. बाहेरून जोडणी घेण्याची खूण बंदच असू द्या, कारण डेव्हमेल आणि थंडरबर्ड यांच्यातलं बोलणं कुलूपबंद नसतं. ते एकाच मशीनच्या आत राहतं म्हणूनच चालतं.

मग थंडरबर्डात येणाऱ्या मेलचा सर्व्हर 'लोकलहोस्ट', पोर्ट ११४३, सुरक्षा काही नाही, ओळख नॉर्मल पासवर्ड. जाणाऱ्यासाठी तेच, पोर्ट १०२५. थंडरबर्ड 'ही जोडणी सुरक्षित नाही' म्हणून लाल पाटी दाखवेल. इथं, फक्त इथं, ती मान्य करायची, कारण मशीनबाहेरचा प्रवास डेव्हमेल एचटीटीपीएसनं करतो. कॅलेंडरसाठी थंडरबर्डात नेटवर्कवरचं नवं कॅलेंडर घ्या आणि पत्ता द्या: 'एचटीटीपी', लोकलहोस्ट, अपूर्णविराम १०८०, मग तिरक्या रेघांनी 'यूजर्स', तुमचा मेल पत्ता, 'कॅलेंडर'.

डेव्हमेल मशीन सुरू होताना आपोआप सुरू होईल अशी सोय करायला विसरू नका. मी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सौद्याच्या ऐन वेळी निर्यातदारांचा फोन: "मेल मेला." तो मेला नव्हता, दुभाष्या झोपला होता.

रोजच्या कटकटी

पाठवलेला मेल दोनदा दिसतो. एक प्रत सर्व्हर ठेवतो, दुसरी थंडरबर्ड. डेव्हमेलच्या बाबतीत तर हे हमखास. थंडरबर्डच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये जाऊन 'प्रत ठेवा'ची खूण काढा. उलट पाठवलेल्याची एकही प्रत दिसत नसेल तर तिथंच खूण करून फोल्डर म्हणून एक्स्चेंजचं 'सेंट आयटम्स' निवडा. पुसलेल्यासाठी 'डिलीटेड आयटम्स'. नाही तर थंडरबर्ड स्वतःचे दोन फोल्डर वेगळे काढतो आणि वेबमेलमध्ये बघणाऱ्याला मेल सापडत नाही.

एखाद्या पार्टीकडून जोडपत्राच्या जागी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल येते. पाठवणाऱ्याचं आउटलुक रिच टेक्स्टमध्ये पाठवतंय. त्यांना एचटीएमएलमध्ये पाठवायला सांगा. तोवर लिनक्सवरचं 'टीनेफ' नावाचं छोटं साधन त्या फाइलच्या पोटातलं बिल बाहेर काढून देतं.

मराठी मजकुराचे चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील तर आधी कारण ओळखा. श्रीलिपीत टाइप करून मेलच्या अंगात चिकटवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर वाचता येणारच नाही. एक्स्चेंज, थंडरबर्ड दोघंही निर्दोष. पाठवणाऱ्यानं युनिकोडमध्ये लिहावं, नाही तर पीडीएफ जोडावी. युनिकोड असूनही अक्षर बारीक किंवा विचित्र दिसत असेल तर थंडरबर्डच्या फाँट सेटिंगमधल्या यादीत देवनागरी निवडून नोटो सॅन्स देवनागरी लावा आणि आकार दोन अंकांनी वाढवा. काकूंची सगळ्यात मोठी तक्रार या एका खुणेनं गेली.

'परचेस' किंवा 'सेल्स' अशा सामाईक पेटीसाठी वेगळा पासवर्ड मागू नका. क्लाउडवर थंडरबर्डात दुसरं खातं काढा, यूजरनेममध्ये सामाईक पेटीचा पत्ता ठेवा, आणि लॉगिनची खिडकी आली की तिथं स्वतःच्या पत्त्यानं आत शिरा. तुम्हाला त्या पेटीचा हक्क दिलेला असला तर ती उघडते.

जुन्या मशिनांची डिस्क लहान असते. खात्याच्या 'सिंक्रोनायझेशन'मध्ये सगळा मेल उतरवण्याऐवजी शेवटचे ठरावीक दिवस ठेवता येतात. मी नव्वद दिवस ठेवतो. त्याआधीचं उघडायचं तर नेट लागतं, चालतं. आणि सुट्टीचा निरोप किंवा 'अमुकाचे मेल तमुक फोल्डरात' असे नियम शक्यतो वेबमेलमध्ये बसवा, म्हणजे मशीन बंद असतानाही ते सर्व्हरवर चालू राहतात.

जुना मेल

होस्टिंगवाल्याचं जुनं खातं बंद होण्याआधी त्यातला मेल उचलायला हवा. थंडरबर्डात जुनं आणि नवं खातं शेजारी ठेवा आणि जुने फोल्डर 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपीच. हलवताना मधेच नेट गेलं तर निम्मं इकडं, निम्मं तिकडं. ग्रुपच्या सर्व्हरवर जुना मेल चढवायचा मोह होतो. आयटीला विचारल्याशिवाय नको, पेटीची मर्यादा भरली की नवा मेल यायचा बंद होतो.

लोकल फोल्डर्स फक्त त्या मशीनवर असतात, दुसरी प्रत कुठंच नाही. थंडरबर्डच्या मदत मेनूतल्या ट्रबलशूटिंग माहितीत प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं तेव्हा एका दुकानाचं मशीन आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलाच्या एकाच खणात होती. दोन्ही मी चिखलातून बाहेर काढली आणि दोन्हीतून काही निघालं नाही. कारखान्याची डिस्क आता दर शनिवारी काकू स्वतःच्या घरी, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर घेऊन जातात.